पोते भरले, पण दाणा भरला का?

रेशनच्या रांगेत एक आजी गहू तळहातावर घेऊन म्हणाल्या, "युरियाचा गहू हाय बाई, यात काय दम न्हाई." मागच्या दोघींनी मान डोलावली. वस्तीत हे बोलणे नेहमीच ऐकू येते. बरीच वर्षे परिचारिका म्हणून रक्त कमी असलेल्या बायका पाहिल्या आहेत, म्हणून या बोलण्यात खरे किती ते सांगावेसे वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. युरिया म्हणजे विष नव्हे. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते. नत्रापासूनच दाण्यातली प्रथिने बनतात. ते बेताने दिले तर पीकही वाढते आणि प्रथिनेही. मातीत जस्त पुरेसे असेल तर नत्रामुळे दाण्यात जस्त आणि लोहही जास्त पोचते. देशाची उपासमार हटवण्यात या खताचा वाटा मोठा आहे.

मग आजींचे काय चुकले? पूर्ण चुकले नाही. युरियात फक्त नत्र असते, जस्त नसते. आपल्या देशात पुष्कळ जमिनींत जस्त कमी आहे. घरात पाहुणे वाढले आणि डाळ तेवढीच राहिली, तर आपण पाणी वाढवतो. ताटे भरतात, पण डाळ पातळ होते. शेतातही तसेच घडते. दाणे वाढले, जस्त तेवढेच राहिले, की प्रत्येक दाण्याच्या वाट्याला कमी येते.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथले जपून ठेवलेले जुने दाणे तपासले, तेव्हा १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर त्यांतले जस्त, लोह, तांबे आणि मॅग्नेशियम घटलेले दिसले. मातीत ही खनिजे कमी झाली नव्हती. बुटक्या, जास्त उत्पन्न देणाऱ्या जाती आल्या आणि दाण्यातला कस विभागला गेला. म्हणजे दोष एकट्या युरियाचा नाही, बियाण्याचाही आहे.

नत्राचा अतिरेक झाला तर पीक आडवे पडते, आणि ठरावीक मात्रेपुढे उत्पन्नही वाढत नाही. दाण्याच्या सालीत फेरुलिक आम्लासारखी शरीराला उपयोगी द्रव्ये असतात, तीही अशा वेळी कमी होऊ शकतात.

हा प्रश्न शेतकऱ्यापुरता नाही, आपल्या ताटाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. ज्या घरात भाजी, अंडी, मटण रोज परवडत नाही, तिथे कस यायचा तो धान्यातूनच. त्याच घरांना रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळते. सरकार गहू खरेदी करताना ओलावा पाहते, खडे-कचरा पाहते, फुटका दाणा पाहते. जस्त आणि प्रथिने पाहत नाही. माझी तक्रार इथे आहे. गरिबाचे पोट किलोत मोजायचे आणि त्याचे रक्त मोजायचेच नाही, हे आपण का मान्य करावे?

उपाय आहेत. युरियासोबत माती तपासून जस्त द्यावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ ही सुमारे १४.७ टक्के प्रथिनांची गव्हाची जात काढली आहे. अशा गव्हाला जादा भाव द्यावा आणि तो रेशनवर आणावा. ग्रामसभेत, वॉर्डसभेत ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर घरात एवढे करा. पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकू नका. लोह, जस्त बहुतेक तिथेच असते. कोंड्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते, म्हणून जेवणात लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको, तासाभराने घ्या. आठवड्यात काही दिवस बाजरी-ज्वारीची भाकरी करा. चक्कर, धाप, थकवा असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.

आजींना मी एवढेच म्हणाले, "गव्हात दम आहे, आजी. थोडा शेतात हरवतो, थोडा आपण चाळणीत टाकतो. चाळणीतला आजपासून वाचवू, शेतातल्यासाठी भांडू."