वय नको, तब्येत बघा!

१ जुलै २०२५. दिल्लीतल्या पेट्रोल पंपांवर त्या दिवशी कॅमेरे गाड्यांच्या नंबरप्लेट वाचत होते. डिझेल गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी किंवा पेट्रोल गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी निघाली, तर तिला पेट्रोल-डिझेल द्यायचं नाही, असा हुकूम होता. वर गाडी जप्त होण्याची भीती. गाडी धूर सोडते का, ब्रेक लागतात का, कुणी विचारत नव्हतं. फक्त वय विचारलं जात होतं.

लोक भडकले. दोन-तीन दिवसांतच दिल्ली सरकारनं माघार घेतली. १२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, केवळ वय झालं म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. पण डिसेंबरात कोर्टानं त्या आदेशात बदल केला आणि बीएस-४ किंवा त्यापुढच्या गाड्यांपुरतंच हे संरक्षण ठेवलं. त्याआधीच्या गाड्यांवर पुन्हा टांगती तलवार.

आता तुम्ही म्हणाल, दिल्लीचं दिल्लीला, आपलं काय? तर आपल्याकडेही घरोघरी एक जुनी गाडी असतेच. बाबांची स्प्लेंडर, काकांची मारुती ८००, आजोबांची चेतक. आणि आपल्यापैकी बरेच जण कॉलेजला जातात ते याच गाड्यांवर. ‘पंधरा वर्षं झाली, आता भंगारात’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला की घरात चर्चा सुरू होते. म्हणून आधी नियम काय आहे ते बघू, मग प्रेमाचं बोलू.

नियम नेमका काय?

महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणून आपोआप भंगारात जात नाही. नव्या गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांसाठी असतं. त्यानंतर गाडी आरटीओत दाखवून, फिटनेस आणि फी भरून दर पाच वर्षांनी ते वाढवून घ्यावं लागतं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. थोडक्यात, गाडी धडधाकट असेल तर चालवता येते. दहा-पंधरा वर्षांची सरसकट बंदी ही दिल्ली आणि आसपासच्या भागाची गोष्ट आहे. तिथं ती हरित लवादाच्या आदेशातून आली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं उचलून धरली.

पण जुनी गाडी ठेवणं दिवसेंदिवस महाग होतंय, हेही खरं. ऑगस्ट २०२१ मध्ये देशाचं स्क्रॅपेज धोरण आलं. एप्रिल २०२२ पासून रजिस्ट्रेशन वाढवण्याची फी दुचाकीला ३०० वरून १,००० रुपये आणि कारला ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती पुन्हा वाढली : दुचाकीला २,००० आणि कारला १०,००० रुपये. त्यातच १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवणं आलं. त्याची मुदत आपल्याकडे इतक्यांदा वाढली की शेवटची तारीख हा विनोदाचा विषय झाला.

आणि पेट्रोल? पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की, यासाठी न बनलेल्या जुन्या कारचं मायलेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्के घटू शकतं. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि वॉशर इथेनॉलनं लवकर खराब होतात, ही गॅरेजवाल्यांची तक्रार वेगळीच.

एवढं सगळं असूनही लोक गाडी विकत नाहीत. का?

‘हमारा बजाज’चं गुपित

याचं एक उत्तर आहे चेतक. पुण्याच्या बजाज ऑटोनं १९७२ मध्ये ही स्कूटर आणली, नाव दिलं महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. तो लायसन्स राजचा काळ होता. कंपनीनं किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवायचं. त्यामुळे आज पैसे भरले की स्कूटर काही वर्षांनी मिळणार! नंबर लागला की घरात सण. एवढी वाट बघून आलेली वस्तू कोण सहज टाकून देईल?

पण नुसती वाट बघण्यानं वस्तू तीस वर्षं टिकत नाही. चेतक टिकली ती तिच्या साधेपणामुळे. पत्र्याची मजबूत बॉडी. तुटायला चेन नाही. पंक्चर झालं तर स्टेपनी सोबतच, ती स्वतः बदलायची. सुरू होत नसेल तर स्कूटर एका बाजूला कलती करायची आणि पुन्हा किक मारायची. तरी नाही झाली तर प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, परत बसवायचा. डिकीत एक प्लग पाना आणि एक क्लच वायर असली की माणूस परगावी जायला घाबरत नसे. ही गाडी समजायला इंजिनीअर असावं लागत नव्हतं.

त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली. पेडल असलेली, सायकलची थोरली बहीण म्हणावी अशी. कॉलेजच्या मुली, शिक्षिका, पोस्टमन, दूधवाले, सगळ्यांना परवडणारी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी काळ्या-पिवळ्या रंगात आयुष्यभर धावली. तिथं टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याआधी दीडेक महिना, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेल डबल डेकरही शेवटची धावली होती. लोक हार घेऊन आले, सेल्फी काढले, काही जण चक्क रडले.

बसला बघून रडू येणं हा वेडेपणा नाही. ज्या गाडीवरून बाबा आईला दवाखान्यात घेऊन गेले, पहिल्या दिवशी शाळेत सोडलं, लग्नाच्या पत्रिका वाटल्या, ती गाडी घरातलं माणूसच झालेली असते. पण माझं म्हणणं असं की, या जिव्हाळ्यात आठवणींइतकाच वाटा भरवशाचा आहे. ही बिघडली तर मला कळेल, आणि मला नाही कळलं तर चौकातल्या मेकॅनिकला कळेल, हा तो भरवसा. दोनशे रुपयांत काम होईल, हा त्याचाच दुसरा भाग. मध्यमवर्गीय घरात प्रेम आणि हिशेब वेगळे राहत नाहीत.

पण धुराचं काय?

इथं जुन्या गाडीच्या भक्तांनी जरा थांबायला हवं. जुन्या चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात नवं मिश्रण आत येतानाच जळका वायू बाहेर ढकललं जातो, आणि त्यासोबत काही न जळलेलं पेट्रोलही थेट सायलेन्सरमधून निघून जातं. शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, तेही जळतं. तो निळसर धूर आणि तो वास आपल्याला ‘नॉस्टॅल्जिक’ वाटतो, पण मागच्या सायकलवाल्याच्या फुप्फुसांना वाटत नाही. देशभर बीएस-४ लागू झालं २०१७ मध्ये आणि बीएस-६ आलं एप्रिल २०२० मध्ये. प्रत्येक पायरीवर इंजिन स्वच्छ होत गेलं, हे नाकारता येत नाही. ब्रेक आणि दिवे यांच्यातही जमीन-अस्मानाचा फरक पडला.

म्हणजे सरकारचा मुद्दा खोटा नाही. खोटं आहे ते मोजमाप. वीस वर्षांची, वेळेवर सर्व्हिसिंग झालेली, आठवड्यातून दोनदा मंडईत जाणारी कार आणि आठ वर्षांचा, रोज ओव्हरलोड धावणारा, इंजिन खिळखिळं झालेला टेम्पो, या दोघांत जास्त धूर कोण सोडतं? वयाच्या नियमात पहिली कार दोषी आणि टेम्पो सुटला.

मग सरकार वयच का धरतं? कारण वय मोजणं सोपं आहे, ते कॉम्प्युटरमध्ये आधीच नोंदलेलं आहे. तब्येत मोजायला यंत्रणा लागते, आणि आपली यंत्रणा म्हणजे पीयूसी. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, डिझेलमध्ये धुराचा काळेपणा. नायट्रोजन ऑक्साइड आणि सूक्ष्म कण त्यात मोजलेच जात नाहीत. आणि काही ठिकाणी नळी सायलेन्सरला न लावताच सर्टिफिकेट हातात पडतं, हे आपल्यापैकी कुणाला माहीत नाही?

स्क्रॅपेज धोरणाचा मूळ विचार खरं तर बरा होता. ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनवर यंत्रानं ब्रेक, दिवे, धूर तपासायचे, पास झाली तर गाडी चालवा, नापास झाली तर भंगारात द्या. म्हणजे परीक्षा घ्या आणि निकाल लावा. पण अशी विश्वासार्ह केंद्रं तालुक्यापर्यंत पोचायच्या आधीच फी वाढत गेली. परीक्षा अजून नीट होत नाही, पण परीक्षा फी मात्र दुप्पट! कॉलेजमधल्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल.

नाव परत आलं, पाना नाही आला

आता गंमत बघा. ज्या जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात असं सगळ्यांना वाटतं, त्यांचीच नावं नव्या गाड्यांवर परत येतायत. जानेवारी २०२० मध्ये चेतक इलेक्ट्रिक झाली. २०१८ मध्ये जावा आली, २०२२ मध्ये येझ्दी, फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लुना. कंपन्यांना आपलं प्रेम बरोबर कळलंय. नाव बघून बाबा हळवे होतात आणि शोरूमच्या पायऱ्या चढतात.

पण लोकांचा जीव नुसत्या नावावर नव्हता, तो त्या प्लग पान्यावरही होता. नव्या गाडीत सेन्सर आहेत, सॉफ्टवेअर आहे, बॅटरी पॅक आहे. ती शांत आहे, स्वच्छ आहे, आरामदायक आहे. बिघडली की मात्र लॅपटॉप जोडावा लागतो, आणि तो लॅपटॉप बहुतेक वेळा फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतो. चौकातला मेकॅनिक हात वर करतो. त्याचं पोट आणि तुमचा खिसा, दोन्हींचा प्रश्न आहे.

म्हणून खरी लढाई ‘राइट टू रिपेअर’ची, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि सुटे भाग, मॅन्युअल, तपासणीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजला वाजवी दरात देणं कंपनीला बंधनकारक करणं वेगळं. आज घेतलेली ई-स्कूटर पंधरा वर्षांनी, बॅटरी बदलून, तुमच्या लहान भावंडाला कॉलेजला नेईल का? नेणार नसेल, तर दर सात-आठ वर्षांनी नवी गाडी बनवायला लागणारं पोलाद, प्लास्टिक आणि लिथियम यांचाही हिशेब पर्यावरणाच्या वहीत मांडायला हवा.

आपण काय करायचं?

घरात जुनी गाडी असेल तर आज एवढंच करा. आरसी काढा आणि मुदत कधी संपते ते बघा. थर्ड पार्टी इन्शुरन्स चालू आहे का बघा, कारण अपघात झाला तर ‘गाडी जुनी होती’ हे उत्तर चालत नाही. पीयूसी खऱ्याखुऱ्या तपासणीनं काढा, आकडे वाचा आणि जास्त आले तर कार्ब्युरेटर साफ करून घ्या. रबरी पाइप तपासून घ्या. आणि मेकॅनिक गाडी उघडतो तेव्हा मोबाइल खिशात ठेवून शेजारी उभे राहा, काय करतो ते बघा.

एवढं करूनही गाडी धूर सोडत असेल, ब्रेक लागत नसतील, तर तिला निवृत्त करा. गाडी पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. नाहीतर अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या, सर्टिफिकेट घ्या आणि नव्या गाडीच्या करात सवलत मागा. माया असली तरी दुसऱ्याच्या फुप्फुसांवर आपला हक्क नाही.

आणि सरकारकडे एकच मागणी ठेवा : गाडीची परीक्षा कडक घ्या, नापास झाली तर आम्ही रडत का होईना, पण भंगारात देऊ. फक्त पेपर तपासण्याआधी जन्मतारीख बघून निकाल लावू नका.