गोळीनंतरचा प्रश्न

छिन्नमनस्कता अथवा स्किझोफ्रेनिया या विकाराने ग्रासलेल्या माणसाचे भास थांबले, संशय निवळला, की तो बरा झाला असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि थोड्याच दिवसांत 'आता हा कामाला का लागत नाही?' असा प्रश्न पुढे येतो. काम जमले नाही, की आळसाचा शिक्का बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे, तसाच अज्ञानाचाही आहे.

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर वापरात आले आणि भास व भ्रम आवाक्यात येऊ लागले. परंतु अवधान, स्मृती, विचारांची गती आणि कामाची आखणी या बुद्धिव्यापारांत जी उणीव या विकारात येते, तिच्यावर औषधांचा फारसा इलाज चालत नाही. साहेबांनी सांगितलेली तीन कामे क्रमाने ध्यानात ठेवणे, गिऱ्हाइकाला मोड देताना हिशेब न चुकणे, या साध्या गोष्टीही मग डोंगराएवढ्या होतात. नोकरी टिकत नाही, त्याचे कारण पुष्कळदा येथे असते.

या उणिवेवर सरावाचा उपाय निघाला आहे. कागदावर किंवा संगणकावर क्रमाक्रमाने अवघड होत जाणारे पाठ द्यायचे आणि अडचणीतून वाट काढण्याच्या युक्त्या शिकवायच्या, असे त्याचे स्वरूप आहे. लंडनच्या टिल वाइक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. २०२१ मध्ये इटलीच्या अंतोनियो विता प्रभृतींनी १३० अभ्यास तपासले. दोन्ही निष्कर्ष मिळतेजुळते आहेत. बुद्धिव्यापार आणि दैनंदिन वागणूक यांत माफक पण खरी सुधारणा होते. मात्र शिकवणारा प्रशिक्षित माणूस सोबत असेल आणि सरावाला पुनर्वसनाची जोड असेल, तर लाभ अधिक होतो. संगणकापुढे नुसते बसवून ठेवल्याने तेवढे साधत नाही.

अर्थशास्त्रात काही वस्तूंना परस्परपूरक म्हणतात. शाईवाचून लेखणी निरुपयोगी, तसा कामाच्या संधीवाचून हा सराव. स्वास्थ्य म्हणजे चाचणीतले वाढलेले गुण नव्हेत. सकाळी उठून कोठेतरी जायचे आहे, तेथे कोणी वाट पाहते आहे, महिनाअखेर चार पैसे स्वकष्टाचे हाती येणार आहेत, या जाणिवेत ते असते.

यावर आक्षेप येईल, की राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) गंभीर मनोविकारांच्या शंभरांतील सत्तरहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. तेथे ही चैन कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण हिशेब अपुरा आहे. विकार बहुधा ऐन तारुण्यात जडतो. त्या माणसाची कित्येक वर्षांची मिळकत आणि त्याला सांभाळणाऱ्या आईचे किंवा बहिणीचे बिनमोल श्रम कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत; म्हणून ते खर्च नव्हेत असे कोण म्हणेल? शिवाय या सरावाला अवजड यंत्रे लागत नाहीत. लागतात ती शिकलेली माणसे.

कायदा तर कधीच पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील एक टक्का राखीव जागांत इतर काही दिव्यांगांसह मनोरुग्णांनाही वाटा दिला; २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहून पुनर्वसन मिळण्याचा हक्क मान्य केला. 'देवराई' (२००४) या मराठी चित्रपटाने हा विकार मराठी प्रेक्षकांपुढे आणला, त्यालाही दोन दशके लोटली. सहानुभूतीची आता टंचाई नाही. टंचाई आहे ती जिल्हा रुग्णालयात प्रशिक्षकाच्या पदाची आणि कचेरीत, दुकानात, कारखान्यात सावकाश काम शिकू देणाऱ्या मालकाची. पहिली सरकारने भरून काढायची आहे, दुसरी समाजाने. तोवर 'हा काम का करत नाही?' हे विचारण्याचा अधिकार आपणांस नाही.