भोपाळची माती आणि जीवाणूंची मर्यादा

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवण्यात आला आणि जूनअखेर तो जाळण्यात आला. १९८४ च्या वायुगळतीचा एक अध्याय त्यामुळे संपला, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि, हा कचरा गोळा करून साठवलेला होता. आवारातील मातीत मुरलेले विष त्याने कमी होत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने २०१० मध्ये अशा दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन वर्तवला होता.

एवढी माती भट्टीत जाळणे व्यवहार्य नाही. त्यामुळे मातीतील जीवाणूंकरवी शुद्धीकरणाचा पर्याय विचारात घ्यावा लागतो. त्याला शास्त्रीय आधारही आहे.

या कारखान्यात ‘सेविन’ नावाने विकले जाणारे कार्बारिल हे कीटकनाशक तयार होत असे. त्याच्या रेणूत बेंझिनसारखी दोन कडी एकमेकांना जोडलेली असतात. सहा कार्बन अणूंचे हे कडे अत्यंत स्थिर असल्याने सहजासहजी तुटत नाही. काही जीवाणू मात्र विशिष्ट विकरांच्या साह्याने त्यावर प्राणवायूचे अणू बसवतात. त्यामुळे कडे कमकुवत होते, दुसरे विकर ते फोडते आणि उरलेले तुकडे जीवाणूचे अन्न बनतात. केवळ कार्बारिलवर जगू शकणाऱ्या ‘स्यूडोमोनास’ जीवाणूंचा अभ्यास मुंबईच्या आयआयटीतही झाला आहे.

प्रश्न आहे तो प्रयोगशाळेबाहेरचा. या क्रियेला प्राणवायू, ओलावा आणि नत्र-स्फुरद लागते. खोलवरच्या मातीत प्राणवायूचीच वानवा असते. कड्याला क्लोरिन जोडलेले असल्यास विघटन आणखी अवघड होते, आणि भोपाळच्या मातीत डायक्लोरोबेंझिनही आढळले आहे. पारा तर मूलद्रव्य आहे. जीवाणू त्याचे रूप पालटू शकतात, त्याला नष्ट करू शकत नाहीत.

म्हणूनच निसर्ग आपोआप सारे निस्तरेल, हा युक्तिवाद टिकणारा नाही. कारखाना बंद पडल्यानंतर पाव शतकानेही ही रसायने मातीत सापडली, हाच त्याचा पुरावा. कोणत्या थरात काय आहे याची तपासणी, जेथे शक्य तेथे जीवाणूंची योजना आणि पारायुक्त माती वेगळी काढून बंदिस्त करणे, असा क्रम शासनाला आखावा लागेल. तोवर परिसरातील वस्त्यांच्या भूजलाला असलेला धोका कायम राहील. जीवाणू हे साधन आहे. जबाबदारी शासनाची आणि प्रदूषण करणाऱ्यांचीच आहे.