लस टोचूनही लाळ्या का?

रक्तदाब तपासून घेण्यासाठी आलेल्या सत्तरीच्या एका शेतकरी काकांनी परवा मला पेचात टाकले. "डॉक्टर, गाईला लाळ्या-खुरकुताची लस टोचली होती, तरी तिच्या तोंडात फोड आलेच. मग मला दरवर्षी फ्लूची लस घ्यायला का सांगता?"

मी माणसांचा डॉक्टर. गुरांचे शास्त्र पशुवैद्यकांनीच सांगावे. तथापि या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे बरेचसे सारखे आहे.

लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे सात प्रकार आहेत. ओ आणि ए हे पहिले दोन प्रकार १९२२ मध्ये फ्रान्समध्ये वेगळे ओळखले गेले. एका प्रकाराचा आजार होऊन गेलेले जनावर दुसऱ्या प्रकाराने पुन्हा आजारी पडू शकते. म्हणून आपल्याकडील लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तिन्ही प्रकार असतात. सी प्रकार भारतात १९९५ नंतर आढळलेला नाही.

एवढ्यावर भागत नाही. हा विषाणू आरएनएचा आहे, आणि स्वतःची नक्कल करताना झालेल्या चुका तो सुधारत नाही. त्यामुळे एकाच प्रकारातही नवनवे वाण निपजतात. २००१ नंतर भारतात ए प्रकाराचा एक गट पसरला. त्याच्या आवरणातील एका प्रथिनातून केवळ एक अमिनो आम्ल गळाले होते, तेही नेमके प्रतिपिंडे जिथे पकड घेतात त्या जागेचे. कुलूप किंचित बदलले की जुनी किल्ली अडते, तसे हे! यासाठीच फोडांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून लसीतील वाण अजून जुळतो का, हे पाहत राहावे लागते. अर्थात काकांच्या गाईच्या बाबतीत लस थंड न राहणे किंवा मात्रा चुकणे, हेही कारण असू शकेल.

फ्लूचा विषाणू निराळ्या कुळातला, पण खोड तीच. म्हणून त्याच्या लसीतील वाणांचा दरवर्षी फेरविचार होतो. लस घेऊनही ज्येष्ठांना फ्लू होतो. परंतु न्यूमोनियाचा आणि रुग्णालयात दाखल होण्याचा धोका घटतो.

घरच्यांना दुधाची धास्ती असते. लाळ्या-खुरकूत माणसाला होणे अतिशय दुर्मीळ आहे. नातवंडांच्या हातापायांवर व तोंडात येणाऱ्या फोडांचा विषाणू वेगळाच; त्याचा दोष गाईला देऊ नये. दूध मात्र उकळूनच प्यावे.

काकांनी बाही वर केली. गाईच्या पुढच्या लसीचे पशुवैद्यकांना विचारा, म्हणालो. ती सहा महिन्यांनी असते.