शाळा उघडते तेव्हा रान उगवतं

पावसाच्या तोंडावर कल्याण-ठाण्याच्या बाजारात शेवळांच्या जुड्या येतात. जाणती विक्रेती जुडीबरोबर मूठभर काकडाची फळं देतेच. शहरी गिऱ्हाइकाला वाटतं, वर काहीतरी फुकट मिळालं. पण ती आंबट काकडं घातली नाहीत तर भाजी घशाला अशी खाजते की पुन्हा नाव काढायचं नाही. दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, हेही ती सांगते, विचारलं तर.

हे झालं स्वयंपाकाचं. ते यूट्यूबवर आलंय, कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांत मांडलं जातंय. उत्तमच. पण शेवळं मुळात सापडतात कशी? या झाडाला आधी फूल येतं, पान मागाहून. पान पाहून ओळखू म्हणाल तर हंगाम हुकलाच. गेल्या वर्षीची जागा ध्यानात ठेवावी लागते. कंदाला हात न लावता किती खुडायचं आणि किती राखायचं, हे आईच्या मागे रानात हिंडूनच कळतं.

नेमकं ते हिंडणंच आपण बंद केलंय. ठाकर, कातकरी, वारल्यांची कितीतरी पोरं आश्रमशाळेत राहतात. शाळा उघडते जूनच्या मध्याला, म्हणजे रान फुटतं तेव्हाच. दिवाळीला पोरं घरी येतात तोवर टाकळ्याला शेंगा धरलेल्या आणि भारंगी निबर. दहावीपर्यंत असे दहा पावसाळे जातात. मग आपणच म्हणायचं, नव्या पिढीला आवड नाही! पोर घरी असेल तर आवड लागेल ना? शाळा नको, असं मी म्हणत नाही. तिचं वेळापत्रक कुणाच्या सोयीचं, एवढंच विचारतोय.

कागदावर या ज्ञानाची दखल आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामुदायिक हक्क मानला. २००२च्या जैवविविधता कायद्यामुळे लोकजैवविविधता नोंदवह्याही आल्या. नोंदवहीत झाडाचं नाव येतं, जागा दाखवणारं माणूस येत नाही.

माझी सूचना साधी आहे. जून-जुलैत आठवड्यातला एक दिवस आश्रमशाळेने गावातल्या जाणत्या बाईला रीतसर मानधन द्यावं आणि पोरांना तिच्याबरोबर रानात पाठवावं. परीक्षा नको, प्रकल्पवही तर नकोच. मुख्याध्यापक विचारतील, साप निघाला तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. पण साप कुठे असतो, हेही शाळेपेक्षा त्या बाईलाच जास्त ठाऊक असतं.