कासवाचा त्रिकोण

संगणकाची भाषा शिकावयाची म्हणजे आधी तिचे सर्व नियम पाठ करावयाचे आणि मग पुढे केव्हातरी ती वापरावयाची, अशी पुष्कळांची समजूत असते. शिकवणारेही कित्येकदा याच समजुतीने चालतात. मग विद्यार्थ्याची वही व्याख्यांनी भरून जाते; पण संगणकापुढे बसल्यावर स्वतःच्या अशा चार ओळी त्याला सुचत नाहीत.

सेमूर पेपर्ट या गणितज्ञांना ही रीत मान्य नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६७ साली त्यांनी सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयरझाइग आदी सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा सिद्ध केली. पुढे त्या भाषेत एक कासव आले. आरंभी ते जमिनीवर चालणारे यंत्र होते. नंतर ते पडद्यावर चालू लागले. 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा साध्या आज्ञा त्याला द्याव्यात आणि त्याच्या मागे रेघ उमटत जावी, एवढाच तो खेळ.

या कासवाकडून चौरस काढून घेणे सोपे आहे. शंभर पावले पुढे आणि ९० अंश उजवीकडे, असे चार वेळा केले की झाले. पण समभुज त्रिकोण काढावयाचा म्हटला की खरी मौज होते. त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे मुलाने भूमितीच्या पुस्तकात वाचलेले असते. म्हणून ते प्रत्येक कोपऱ्यावर कासवाला ६० अंश वळावयास सांगते. कासव मुकाट्याने तसे करते आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी अर्धा षट्कोन दिसतो! कासवाला दोष द्यावा, तर त्याने सांगितले तेच केले आहे. शेवटी मूल उठते आणि फरशीवर तो त्रिकोण स्वतःच चालून पाहते. कोपऱ्यावर वळताना पाय आतला कोन नव्हे, बाहेरचा कोन मोजतात, हे तेव्हा त्याच्या ध्यानात येते. तो कोन १२० अंशांचा. अशी तीन वळणे मिळून ३६० अंशांची पुरी फेरी. वर्गात निरस वाटलेला बाह्यकोन असा पायांना कळतो.

हा सारा पोरखेळ आहे, यातून मोठे काम करणारा कसा निपजणार, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. आज एक खेळ आरंभून उद्या तो टाकून देणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. दुसऱ्याने केलेला खेळ जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्याचा लाभ त्याहून कमी. (वहीत उतरवल्याने हस्ताक्षर तरी सुधारते, कळफलकावर तेही नाही.) खेळ लहान असावा, पण तो स्वतः तडीस न्यावा आणि मग त्यात फेरफार करून पाहावा. संगणकाने १ ते १०० मधील एक संख्या मनात धरावी आणि मुलाने ती ओळखावी, हे वीसएक ओळींचे काम. ते साधले की बाजू उलटवावी : संख्या मुलाची, ओळखणारा संगणक. दर वेळी उरलेल्या संख्यांतील मधली संख्या विचारली, तर सात प्रयत्नांत उत्तर हमखास सापडते. कारण दोनाचा सातवा घात १२८, म्हणजे शंभराहून मोठा. हे कारण शोधावयास लागलेल्या मुलाला अभ्यासास बस असे सांगावे लागत नाही.

१९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत वापरली जाते. तिच्यातही ते कासव आहे. सारे नियम पाठ करून आलेला विद्यार्थी तेथे त्रिकोण काढावयास बसला, तरी पहिल्या खेपेस तो बहुधा ६० अंशच लिहितो.