सुईचा हट्ट आणि कानाची किंमत



गळीत हंगाम सुरू झाला की करमाळ्यापासून जेऊरपर्यंतचे दवाखाने भरू लागतात. ताप अंगावर काढून काढून थकलेला माणूस डॉक्टरपुढे बसतो आणि एकच मागणी करतो, "डॉक्टर, एक सुई टोचा, उद्या कामावर जायचंय." नुसत्या गोळ्या दिल्या तर त्यास वाटते, डॉक्टरने वाटेला लावले. या हट्टाविषयी आज चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सगळ्याच सुया वाईट, असे आमचे म्हणणे नाही. पण स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन या एकाच घराण्यातल्या औषधांचे कानाशी वैर आहे. यातले पहिले नाव डाळिंबवाल्यांस नवे नाही. तेल्यासाठी जी पुडी फवारत आलो, तिच्यात मुख्यतः हेच असे. १९४३ साली अमेरिकेत सापडलेले हे औषध क्षयावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक होय. पुढे आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यातही ते तयार झाले. त्याने असंख्य जीव वाचवले, हे विसरून चालणार नाही.

पण त्याची दुसरी बाजूही बघा. आतल्या कानात शंखासारख्या वळणाचा एक भाग असतो. तिथल्या बारीक केसाळ पेशी आवाज टिपून मेंदूकडे धाडतात. ही औषधे त्या पेशींत शिरून त्यांना मारू शकतात. तोडलेल्या उसाला खोडवा फुटतो, या पेशींना फुटत नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात, कानात शिट्टी वाजू लागते, मग माणसांचे बोलणे तुटक ऐकू येते. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिनने तर तोलही जातो. अंधारात बांधावरून चालणे मुश्कील होते. इंजेक्शन थांबल्यावरही काही काळ हे नुकसान वाढू शकते.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना आतड्याचा क्षय झाला. २०१३ साली उपचारातील कॅनामायसिनने त्यांचे ऐकणे गेले. पण बाई गप्प बसल्या नाहीत. अशाच रीतीने श्रवण गमावलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह त्यांनी २०१९ साली बेडाक्विलिन या क्षयाच्या गोळीवरील पेटंट वाढवून देण्यास हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालीच, चिवट क्षयासाठी कॅनामायसिन वापरू नये, असे सांगितले होते. आता आपल्या देशातही त्या रोगावर मुख्य भर गोळ्यांवरच आहे. ज्या गोळीला आपण कमी लेखतो, तीच कान राखते!

कोणी म्हणेल, "जीव मोठा का कान?" जीवच मोठा. तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतू शिरले, मोठे इन्फेक्शन झाले, तर डॉक्टरांनी हे औषध जरूर द्यावे; मूत्रपिंडाची तपासणी करावी, लांबचा उपचार असेल तर कानाचीही. पण साध्या सर्दी-पडशाला, ज्याच्यावर प्रतिजैविक चालतच नाही, त्याला ही सुई कशाला?

म्हणून सभासदांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुईचा हट्ट धरू नये. टोचलेल्या औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे व चिठ्ठी जपून ठेवावी. मूत्रपिंडाचा विकार असेल, वय झाले असेल, किंवा आईकडच्या नात्यात कोणी इंजेक्शननंतर बहिरे झाले असेल, तर आधीच सांगावे. हा दोष काही घराण्यांत आईकडून येतो आणि अशांना थोडे औषधही बाधू शकते. कानात आवाज किंवा चक्कर येऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. मात्र क्षयाचा उपचार आपल्या मनाने बंद करू नये.

संचालक मंडळासही एक सूचना. मिल हाऊसच्या गोंगाटात राबणारे कामगार आणि ऊसतोडीस आलेली मंडळी यांच्यासाठी हंगामाच्या आरंभी व अखेरीस कान तपासणीचे शिबिर घ्यावे. खर्च फार नाही, आणि गेलेले कान पैशाने परत येत नाहीत.

काट्यावर चार किलो ऊस कमी भरला तर आपण जाब विचारतो. अंगात काय टोचले, हे मात्र विचारत नाही. तेही विचारायला शिकू या.